आईचं शेवटचं प्रभुभोजन

पपा, तुम्ही गेलात त्या वयाहून आता मी मोठी झाले आहे, तेव्हा तुम्हाला चार शब्द सुनावायला हरकत नसावी. ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या दोन खोल्यांत आपण राहत होतो आणि तुम्ही चर्चचे पाळक होतात, तेव्हा बिर्लानगरच्या गिरणीतली माणसं उपासनेनंतर आपल्याकडे यायची. कुणाचं भांडण असलं तर चहा निवायच्या आत तुम्ही ते मिटवायचात. संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य झालं, आणि लोक म्हणाले, असा माणूस विधानसभेत हवा. तुम्ही पाळकपद सोडलंत, फूलबागेच्या मैदानात भाषणं केलीत, निवडून आलात. राजधानी ग्वाल्हेरला की इंदूरला, यावर हातघाईला आलेल्या पुढाऱ्यांना तुम्ही एका टेबलाशी बसवायचात. पुढे ते राज्यच मोडलं, राजधानी भोपाळला गेली, आणि तुम्हाला परदेशातल्या वकिलातीवर नेमल्याचं दिल्लीहून कळलं. लोक हार घेऊन आले. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती.

निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “जाण्याआधी मला प्रभुभोजन द्या. तुमच्याच हातचं.” ज्या हातांनी सबंध मंडळीला भाकर आणि द्राक्षारस दिलात, ते हात गुडघ्यांवर ठेवून तुम्ही म्हणालात, “तो अधिकार आता माझा नाही. नव्या पाळकांना सांगतो, ते येतील.” “परका हात नको मला. जाने दो,” म्हणून ती भिंतीकडे वळली. जगाची भांडणं मिटवणारे तुम्ही, आणि दिव्याखाली अंधार! नवे पाळक आले, तिनं तोंड उघडलं नाही. तुम्ही दिल्लीची गाडी धरलीत.

मग तिची नजर गेली. एका दुपारी ती सारखी तुम्हालाच हाक मारत होती. मला राहवेना. मी पोळीचा तुकडा मोडला, वाटीत मनुकांचं पाणी घेतलं आणि लहानपणापासून ऐकून पाठ झालेले तुमचे शब्द तिच्या कानाशी हळूच म्हटले. बाईनं ते म्हणायचे नसतात, हे मला ठाऊक होतं. तिनं माझा हात चाचपला. “आलात?”

मी “हो” म्हटलं. तिनं तोंड उघडलं.

तुम्ही अजून दिल्लीतच होतात, म्हणून दफनाला पोचलात आणि विचारलंत, “घेतलं का तिनं शेवटी?” “घेतलं,” मी म्हटलं. तुमच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्या सुटकेची मला अजून चीड येते. आई ते तुमच्याच हातचं समजून घेऊन गेली, पपा, आणि तुम्ही तिथे नव्हतात. हे तुमच्या कबरीपाशी वाचून दाखवीन म्हणून लिहायला बसले होते. नाही वाचणार. तुमची ती सुटका काढून घ्यायला अजून मन धजत नाही.