रुखमाबाईचा कोरा हात

सोमवार, १४ नोव्हेंबर १९३८

वच्छी आज पुन्हा बाही वर करून बसली! अंगणात, उन्हात, सगळ्या आळीला दिसेल अशी. थंडी पडली आहे, माणसं बाह्या खाली ओढतात, ही वर करते. का, तर मथीला हातावरचं गोंदण दाखवायचं होतं.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, मथी लिहिते. मथी माझी नात. सोळावं लागलं, सातवी पास. अमरावतीला दोन ठिकाणी अर्ज करायचे आहेत आणि दोन्हीकडे हस्ताक्षर बघतात म्हणे. तिचा बाप महादेवराव, तो मास्तर. तो म्हणाला, रोज कोणाचं तरी बोलणं उतरवून काढ, हात बसेल. आता या घरात सगळ्यात जास्त बोलतं कोण? पण पोट्टी लबाड आहे. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. लिही बाई. तुझ्या शाईनं मी शहाणी दिसत असेन तर दिसू दे.

ही वही बापाला दाखवायची नाही. वच्छीला तर नाहीच. तिलाही वाचता येत नाही, पण ती कोणाकडून तरी वाचून घेईल. मी ओळखते तिला, चाळीस वर्षं झाली.

वच्छी म्हणजे वच्छलाबाई, माझी सवत. आठ वर्षं माझी कूस उजवली नाही, मग किसनरावांनी ही जळगाव जामोदची आणली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिला महादेवराव झाला, महादेवरावाला मथी. रक्ताचं म्हणाल तर नात तिची. पण बाप आणि लेक, दोघांचीही नाळ मी कापली. सुईण मी! पहिला हात माझा लागला! हे दोनदा लिही.

— दोनदा लिहिता येत नाही म्हणते. आळशी.

किसनरावांना जाऊन बारा वर्षं झाली. नवरा गेला, सवत राहिली. माझं नशीब बघा.

बुधवार, १६ नोव्हेंबर

आज घरात मोठी बैठक! विषय — मथीचं गोंदण.

मथीच्या वयाच्या पोरींचे हात कोपरापर्यंत हिरवे आहेत. मथीचा कोरा. बाप मास्तर ना! "माझ्या मुलीच्या अंगावर खुणा नकोत. शहरात हसतात." पण आता ती परगावी जाणार, अनोळखी माणसांत. अंगावर घरची एक खूण नको? दागिना चोर नेतो, गोंदण कोण नेणार? यावर मी आणि वच्छी एका सुरात बोललो. चाळीस वर्षांत असं तीनदा झालं असेल. महादेवराव घाबरलाच. म्हणाला, "बरं बापा! एकच काढा. लहानसं. बाहीत झाकेल असं."

मग वच्छी हळूच बोलली, "मंग मांडी माहीच राहीन."

इथंच सगळं अडलं.

आमच्या घरची रीत अशी — पोरीनं गोंदायला बसायचं ते घरातल्या मोठ्या बाईच्या मांडीला टेकून. त्या बाईनं पोरीचा हात धरायचा, आणि गोंदणारीण त्या बाईच्या हातावरची नक्षी बघून पोरीच्या हातावर उतरवणार. मांडी जिची, नक्षी तिची. आईची लेकीकडे, सासूची सुनेकडे, अशी ती चालत आली. मथीला आई नाही. ती दोन वर्षांची असताना गेली. राहिलो आम्ही दोघी.

आणि माझा हात कोरा.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

मथी विचारते, "मोठी आजी, तुम्ही काऊन नाही गोंदलं?"

सांगते. आमच्या माहेरी गोंदणारीण आली त्या साली मला देवी आल्या. ती दारातूनच परत गेली. मग लग्न. सासू म्हणाली, पोटाला काही आलं की गोंदू, ओटीबरोबर. पोटाला आलं नाही. सासूनं मग कधी विषय काढला नाही, मीही नाही. एवढंच आहे. आता दुसरं लिही.

दुसरं म्हणजे अर्ज. एक मास्तरणीच्या शाळेचा, एक दवाखान्यातल्या सुईणीच्या शिक्षणाचा. वच्छीला मास्तरीण पाहिजे. "खुर्चीवर बसन पोरगी. रगतात हात नाई घालाव लागत." हे मला ऐकवून म्हणते! तिच्या पोराच्या वेळी दोन दिवस मी रक्तात हात घालून बसले होते तेव्हा बरं हात चालले!

मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, नाळ कशानं कापता? म्हटलं, विळ्यानं. त्यांचं तोंड वाकडं झालं. म्हटलं, आधी विळा निखाऱ्यावर लाल करते, मग गार करते. तेव्हा म्हणाल्या, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" म्हटलं, कोणी नाही, लोखंडावर माझा भरवसा नाही. मथी तेव्हा शेजारी उभी होती. तेव्हापासून तिच्या मनात ते आहे. मला माहीत आहे. ती आता लिहिताना खाली मान घालून हसते आहे, म्हणजे आहेच.

पण तोंडानं सांगत नाही. दोन्ही अर्ज पेटीत ठेवले आहेत म्हणते.

शनिवार, १९ नोव्हेंबर

वच्छीनं आज मथीच्या केसांना तेल लावलं. मी सकाळीच लावलं होतं! पोरगी दिवसभर दिव्यासारखी चमकत होती.

सोमवार, २१ नोव्हेंबर

ठरलं. मी गोंदून घेणार.

मथीनं टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत बसली. बघतेस काय? पासष्टाव्या वर्षी म्हातारी दात पाडू शकते, हात गोंदवू शकत नाही? एकदा माझ्या हातावर काही आलं की मग मांडी कोणाची हा प्रश्न मोकळा झाला. मग बघू पोरगी कोणाला टेकते.

आता काय गोंदावं? तुळस म्हणावी, तर ती गावात सगळ्यांच्याच हातावर आहे. विंचू चांगला, वच्छी विंचवाला भिते. मथी म्हणते, आजोबांचं नाव काढा. का बरं? मी नवऱ्याचं नाव हातावर मिरवू, आणि तो माझ्यावर दुसरी घेऊन आला ते विसरू?

वच्छीच्या हातावर दोन पाखरं आहेत, तोंडाला तोंड, मध्ये एक दाणा. तिच्या आईनं लग्नाआधी काढवलं. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, वच्छे, एक पाखरू तू, एक मी, आणि दाणा कोण ते त्यांना विचार! ती लाजून आत पळाली. किसनराव आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नाही, मी विळा काढणार. लहानसा, मनगटाच्या वर. मथी जगात आल्यावर तिला पहिलं काय लागलं? माझा हात आणि माझा विळा. वच्छीची पाखरं तेव्हा कुठं होती?

गुरुवार, २४ नोव्हेंबर

आज शालूबाई आली. गोंदणारीण, दरसाल बाजाराच्या दिवशी येते. झाडाखाली बसली, काजळी काढली, माक्याचा रस काढला, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधल्या. मी मोठ्या ऐटीत हात पुढे केला.

"तुमी?" ती म्हणाली. "आजीबाई, आता कोनासाठी?"

"यमासाठी," मी म्हटलं. "तो म्हनन, कोरीच आली काय?"

"विधवेले गोंदाव का नाई मले मालूम नाई बापा."

"त्यात कुंकू हाये का? काजळीच हाये ना? काढ."

मग तिनं ते विचारलं जे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आठ दिवस डोकं चालवलं, आणि एवढंच विसरले!

"मांडी कोनाची?"

मोठी बाई पाहिजे, घरातली. सासू गेली, जावा गेल्या. घरात सगळ्यात मोठी मीच. मी म्हटलं, मांडीबिंडी नको, मी काय लेकरू आहे? शालूबाई म्हणाली, मांडीशिवाय तिनं आजवर सुई टोचलेली नाही, अन् टोचणार नाही. गोंदण पिकलं तर दोष तिला. पिशवी बांधायला लागली. आळीतल्या बाया जमलेल्या. शेजारची हुस्नबानो तोंडाला पदर लावून हसते आहे. माझा हात तसाच पुढे.

तेवढ्यात वच्छी आली. पसरली मांडी आणि बसली.

"या, अक्का," म्हणाली. "गावाले किती तमाशा दाखवता?"

मी टेकले. काय करणार? तिनं माझा हात मनगटाजवळ धरला. मी डोळे घट्ट मिटले आणि म्हटलं, "शालूबाई, विळा काढ हं. विळा!" सगळ्या हसल्या. शालूबाई गाणं म्हणायला लागली, सुया टोचायला लागली. मी ओरडले नाही. एकदाच. दोनदा. वच्छी वरून म्हणत होती, "झालं, अक्का, झालं. थोडंच राह्यलं." मी तिच्या पोराच्या वेळी तिला असंच म्हणत होते, शब्दाला शब्द.

डोळे उघडले तर दोन पाखरं!

तोंडाला तोंड, मध्ये दाणा! मी म्हटलं, "हे काय वं? मी विळा सांगतला होता!" शालूबाई म्हणते, "मले वाटलं तुमी मजाक करून राह्यल्या. विळा कोनी गोंदते का? मांडी जिची, तिचंच पाहून काढलं." मी वच्छीकडे बघितलं. तिचं तोंड असं थंड, की वर दही ठेवलं तर सांडणार नाही.

"तू पाहत होती! बोलली काऊन नाई?"

"मी तुमचा हात धरून होती, अक्का," ती म्हणाली. "तोंड कोनी धराव?"

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

हात सुजला. मथीकडे वळून झोपवत नाही. वच्छी दर घडीला हळद-तेल घेऊन येते. मी म्हणते, नको. ती लावते. लावताना पाखरांकडे बघते आणि तिला हसू येतं. माझ्या अंगावर स्वतःचा शिक्का मारून घेतला तिनं! नवरा अर्धा नेला, पोरगा अख्खा नेला, आता हातही नेला.

सोमवार, २८ नोव्हेंबर

शालूबाई परवा जाणार, म्हणून आज मथीला बसवायचं ठरलं. आम्ही दोघी मांड्या पसरून तयार! मथी एकदा तिचा हात बघते, एकदा माझा. दोन्हीकडे तीच पाखरं. आणि पोट्टी अशी हसायला लागली की तिला बसवेना.

मग डोळे पुसून म्हणाली, "मले आत्ता गोंदता येत नाई. हातावर ताजी जखम असली तं दवाखान्यात घेत नाई. पत्रात लिवलं हाये."

दवाखान्यात! महादेवराव म्हणाला, "म्हणजे शाळेचा अर्ज?" ती म्हणाली, "टाकलाच नाई बाबा." दवाखान्याचा तिनं हुस्नबानोच्या नवऱ्याबरोबर कधीच टपालात टाकला होता. उत्तरही आलं होतं. माझी सगळी बडबड लिहून घेतली आणि स्वतःचं एक अक्षर सांगितलं नाही!

सुईण होणार. माझ्यासारखी! मी वच्छीकडे मुद्दाम बघितलं. ती शेंगा सोलत होती. सोलत राहिली. टरफलं टोपल्यात आणि दाणेही टोपल्यात.

मला फार आनंद झाला. थोडा कमी लिही.

रविवार, ११ डिसेंबर

मथी आज मेहकरच्या मोटारीनं जाणार. लिहिणारी गेली की बोलणं बंद. वच्छीनं तिच्या पेटीत माझ्याआधी लाडू ठेवले.

रविवार, ११ जून १९३९

मथी सुटीवर आली आहे, वीस दिवस. अक्षर आणखी बारीक झालं म्हणते. मला काय कळतं. लिही.

वच्छी चैत्रात गेली. चार दिवस ताप. मथीला निरोप पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. शेवटच्या दिवशी मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शुद्ध होती. म्हणाली, "अक्का, मोठ्या तुमी, अन् पुढं मी चालली." म्हटलं, "तुह्यी घाई मले नवी हाये का? माह्या घरातही अशीच घुसली होती." ती हसली. मला वाटतं हसली.

दहा वर्षांनी लहान. आधी जायचा मान माझा होता. तोही तिनंच घेतला.

आता भांडायचं तर कोणाशी? काल महादेवरावाशी भांडून बघितलं. तो ऐकूनच घेतो. त्यात काय मजा!

मंगळवार, १३ जून

शालूबाई पावसाच्या आधी गावाकडे परतत होती. मथीनं तिला हाक मारली. म्हणाली, जखम भरायला दिवस आहेत, आता गोंदते. डाव्या हातावर — उजव्यानं हे लिहिते आहे.

शालूबाईनं विचारलं, "काय काढू?"

मथी म्हणाली, "लहान्या आजीचे पाखरं."

मी मांडी पसरली. मथी टेकली. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते झालं! मी तिचा हात धरला, माझा हात शालूबाईपुढे ठेवला, तिथूनच बघून तिनं पहिलं पाखरू काढायला घेतलं. दोन टोचे झाले असतील. मी एकदम शालूबाईचं मनगट धरलं.

"थांब वं. माह्या हातावर चूक हाये. वच्छीच्या पाखराची मान थोडी वर होती — मी सांगते तशी काढ."