पोचा पडलेला डबा

मंगळवार, दिवेलागण

तेरणा नदीच्या पुराचं पाणी ओसरून चार दिवस झाले, तरी खालच्या गल्लीतली माणसं अजून शाळेतच राहतायत. आमच्या शेतात खुरपायला येणारी सरूबाईही तिथंच. तिच्या घराच्या दोन भिंती पडल्या, म्हैस वाहून गेली.

पाणी आलं त्या दिवशी मी तिला पिठलं-भाकरी दिली होती. चांगल्या डब्याकडं गेलेला हात मी मागं घेतला. परत येतोय कुठला, असं मनात आलं. मग पोचा पडलेला, झाकण न बसणारा डबा काढला. हे घरात कुणाला बोलले नाही. इथं लिहितेय.

आज ती डबा घेऊन आली. राखेनं घासून लख्ख केलेला. आत मूठभर साखर, मदतीच्या पिशवीतली.

"सरूबाई, हे कशाला आता?"

"रिकामा डबा कसा द्यावा, वैनी? आन् पोचा लई होता, झाकण बसत न्हवतं. आमच्या मालकांनी ठोकून काढला. चिखलात हातोडी तेवढी घावली."

चहाला थांबली नाही.

मघापासून त्या जागेवरून बोट फिरवतेय. पोचा लागत नाही. मी हाच डबा का दिला, ते तिला कळलं असेल का? साखर काढून ठेवायलाही मन होत नाही. हातोडी तर आमच्याकडंही होती. दोन वर्षं डबा तसाच पडून होता.

तिच्या भिंती अजून पडलेल्याच आहेत, आणि आधी माझा डबा नीट झाला.