३१ मार्चचा राजीनामा

प्रिय बाबा,

तुमच्या घराण्याच्या पुस्तकासाठी मुंबई इलाख्याचं १९३२चं अंदाजपत्रक मिळतं का बघ म्हणालात, म्हणून शनिवारी स्वोर्ड्सहून बस धरून डब्लिनच्या लायब्ररीत गेले. मिळालं. पण तुम्ही खूश व्हाल असं वाटत नाही.

मुरलीधर पणजोबांच्या कचेरीचं पान तीनदा वाचलं. नावं नाहीत, नुसती पदं आणि पगार. साहेबांची पदं जशीच्या तशी, कारकून मात्र अकराचे आठ. खाली बारीक टीप आहे, तीन पदं १ एप्रिलपासून कमी. आणि तुमच्या पुस्तकात पणजोबा कलेक्टरच्या टेबलावर राजीनामा फेकतात ती तारीख त्याच वर्षाची ३१ मार्च. बाबा, स्वाभिमान काय आर्थिक वर्ष बघून जागा होतो? पुरावा नाही, मान्य. पण मला शंका आहे, आणि तुम्हालाही असणार. नाहीतर पुस्तक छापायला द्यायचं सोडून हे पान कशाला मागवलंत?

ते पान वाचल्यापासून मला घरातही काही सरळ दिसत नाही. संकेतने जूनमध्ये नोकरी सोडली, मॅनेजरशी पटत नव्हतं म्हणून, असं त्याने तुम्हाला आणि मला एकाच दमात सांगितलं होतं. मग त्याच शुक्रवारी त्याच्या टीममधल्या आणखी चौघांचंही कसं पटेनासं झालं? स्वतःहून सोडणाऱ्याला कंपनी तीन महिन्यांचा पगार वर का देते? सुपरमार्केटमध्ये जुना सहकारी दिसला की हा दुसऱ्या रांगेत वळतो. विचारलं तर इथल्यांसारखं ‘ऑल ग्रँड’, सगळं मस्त, म्हणतो आणि भांडी घासायला घेतो. मला राग येतो, आणि त्याहून जास्त भीती वाटते.

दर रविवारी कॉलवर तुम्ही त्याला शाबासकी देता, अगदी आमच्या मुरलीधर आजोबांसारखा ताठ कण्याचा जावई म्हणता. तो हसतो आणि त्या दिवशी धड जेवत नाही. माझ्यापाशी तो बोलत नाही, तुमच्यासमोर तर बोलूच शकत नाही. म्हणून हे पत्र. पुस्तकात काय छापायचं ते तुम्ही ठरवा. पण या रविवारी त्याला सांगा, की आजोबांना कामावरून कमी केलं होतं, आणि आम्हाला त्याची लाज वाटत नाही. शंका आहे असं म्हणू नका, ठाम सांगा. मग जरा वेळ गप्प राहा, बाबा. तो बोलेल.

तुमचीच,
गिरिजा