न वाचलेली सहा वर्षे

मी, शोनाग मॅकॉले, दिवंगत टॉर्किल मॅकॉले यांची पत्नी, वय ८२, धंदा लोकरीचे कापड विणणे, राहणार आर्डनिश, लुईस बेट, स्कॉटलंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी काल तपासून सांगितले. कानांबद्दल ते काही बोलले नाहीत. बोलले असल्यास मला ऐकू आले नाही.

१. माझा पायाने चालवायचा माग, त्याच्या सर्व धोट्यांसह, शेजारच्या कत्रीना निकल्सनला द्यावा. तिचा हात सरळ आहे. डावी पायपट्टी अडते, तेव्हा तिला शिव्या देऊ नयेत, तेल द्यावे.

२. बँकेत जी शिल्लक निघेल ती समुद्रात सापडलेल्यांना वाचवणाऱ्या बचावनौकेच्या मंडळाला जावी.

३. दाराआडची काळी छत्री आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे पुढारी अँगस फिनलेसन यांची आहे. ती त्यांना परत करावी. मार्च १९७५ मध्ये टॉर्किलच्या होडीचे इंजिन शनिवारी बंद पडले. रात्रभर वल्ही मारून तो रविवारी सकाळी खाडीच्या तोंडाशी पोचला आणि तिथेच होडी उलटून बुडाला. आमच्याकडे रविवार प्रभूचा, त्या दिवशी काम करणे पाप. तिसऱ्या दिवशी अँगस माझ्या चुलीपाशी बसून म्हणाले, “प्रभूच्या दिवशी होडी पाण्यात होती शोनाग, हे विसरू नकोस.” मी म्हटले, “उठा. आधी माझ्या घरातून बाहेर व्हा.” ते असे निघाले की छत्री राहिली. आता ते नव्वदीला टेकले आहेत. माझ्या मनात राग नाही, असे त्यांना सांगावे. अट्ठेचाळीस वर्षांत मी ती छत्री दोनदा वापरली, हेही सांगावे.

४. चुलीजवळच्या फळीवरचे पुस्तक, म्हणजे आमचे बायबल, कोणाला द्यावे हे लिहिण्याआधी एक गोष्ट कबूल करणे भाग आहे.

माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, सकाळच्या लापशीनंतर आणि संध्याकाळच्या जेवणानंतर पुस्तक उघडायचे, एक स्तोत्र गायचे, एक अध्याय वाचायचा आणि गुडघे टेकायचे, हा नेम होता. टॉर्किल गेला त्या दिवसापासून मी ते पुस्तक उघडले नाही. सहा वर्षे. माझ्या सासूबाई पेगी माझ्याजवळच राहत. मुलगा त्यांचाही गेला होता. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. जेवण झाले की हात मांडीवर ठेवून वाचनाला लागतो तेवढा वेळ बसून राहायच्या, मग उठून ताटे आवरायच्या. मी मुद्दाम भांडी आपटायची.

१९८१ च्या वसंतात त्यांची नजर पूर्ण गेली. एका सकाळी लापशी खाऊन झाल्यावर त्या मोठ्याने स्तोत्र म्हणू लागल्या. पहिली ओळ बरोबर, दुसरीच्या जागी चौथी, मग भलत्याच स्तोत्रातली एक.

“सासूबाई, ती ओळ नंतर येते,” मी म्हणाले.

“हो का?” म्हणून त्या पुन्हा तिथेच चुकल्या.

“अहो, तशी नाही!”

“मग तूच म्हण बाई. मला कुठं दिसतंय?”

मी चिडून पुस्तक ओढले आणि वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी त्या दुसरे स्तोत्र चुकल्या. असे महिनाभर चालले. मग एका सकाळी त्या काहीच बोलल्या नाहीत आणि मी आपणहून पान उघडले.

दोन वर्षांनी, अखेरच्या आजारात, त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या तीच स्तोत्रे एकामागून एक म्हटली. एक शब्द चुकला नाही. मी विचारले, “म्हणजे तेव्हा मला फसवलंत?”

“दुसऱ्याची चूक ऐकून तुला गप्प बसवत नाही, एवढं मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर माझा एकही दिवस चुकला नाही. रोज मन लागले असे मात्र म्हणणार नाही. पुष्कळदा मी वाचत होते आणि चित्त उतू जाणाऱ्या दुधात होते. पण मी तिथे बसलेली असे, म्हणून कधीमधी देव आला तेव्हा मी त्याला सापडले.

ते पुस्तक माझी मुलगी डोलिना हिला द्यावे.

५. घरही डोलिनाचेच. रोज उपासना करील त्यालाच घर मिळावे, अशी अट मला घालायची होती. वकील गिलिज हसले. “बाई, ही अट कोर्टात टिकणार नाही. आणि रोज तपासायला जाणार कोण?” मी रागावून घरी आले. मग आठवले की त्या सहा वर्षांत डोलिना सहाची बारा वर्षांची झाली. जे वय सवय लागण्याचे, त्या वयात तिने आईला भांडी आपटताना पाहिले. पुढे मी तिला पुस्तकापाशी बोलावले तेव्हा ती म्हणाली, “बाबा बुडत होते तेव्हा कुठं होता गं तुझा देव?” मी म्हटले, “मला माहीत नाही. बस.” ती बसली नाही. सतराव्या वर्षी ग्लासगोला गेली. तुला कशाचाच नेम नाही, असे मी तिला बंदरावर चार लोकांत ऐकवले. दोष माझा होता. अट रद्द. घर बिनशर्त.

६. डोलिना, हे कलम वकिलांनी नको म्हटले, तरी मी घालते आहे. एकोणीस वर्षे तू रोज संध्याकाळी सात वाजता फोन करतेस. “आई, जेवलीस का? काय केलं होतंस?” बोलायला काही नसले तर तू तिकडच्या पावसाचे सांगतेस, मी इकडच्या. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशीही फोन आला होता. तेव्हा बंदरावरचे ते वाक्य मी लेखी मागे घेते.

मी गेल्यावर सात वाजतील आणि तुझा हात फोनकडे जाईल. त्या वेळी देवाशी बोल. काय बोलावे सुचले नाही तर पावसाचे सांग. तो ऐकतो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मोठ्या आवाजात. तो माझाच आहे म्हणून सही करते.

शोनाग मॅकॉले
आर्डनिश, दि. ९ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार:
१. मुरिएल बुकॅनन, टपाल वाटणारी
२. केनेथ ग्रेअम, शाळामास्तर (निवृत्त)