कोमट पाणी

दादा,

काल तू फ्रिजकडे वळलास आणि मी आडवी आले. कोमट पाणी पिऊन म्हणालास, "फ्रिज काय शोभेला ठेवलायस?" मी म्हटलं, घसा धरलाय. "तुझा धरलाय, माझा नाही."

अरे, तो फ्रिज वर्षभर बंद आहे. आत माझे इस्त्रीचे कपडे असतात. दूध, भाजी त्या दिवसापुरतीच आणते. विजेचं बिल निम्म्यावर आलंय आणि वाचलेले पैसे तुझे पैसे फेडायच्या महिन्याच्या हप्त्यात घालून तुझ्या खात्यात भरते.

माझं शिवणाचं दुकान बुडालं, तेव्हा घरासाठी साठवलेलं सगळं तू मला दिलंस. वहिनी अजून त्या भाड्याच्या खोलीत जिन्याखाली स्वयंपाक करते आणि मला एका शब्दाने बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

हे कळलं तर तू म्हणशील, "राहू दे गं, वेडी आहेस का?" आणि मी खरंच राहू देईन, तीच भीती आहे. म्हणून हे पत्र पाठवत नाही, फ्रिजमध्येच कपड्यांखाली ठेवतेय. शेवटचा हप्ता फिटला की फ्रिज रिकामा करून सुरू करेन आणि तुम्हा दोघांना पाणी प्यायला बोलावेन. त्या दिवशी फ्रिज तूच उघड.

तुझी,
घसा धरलेली