अकोल्याची खुर्ची

३ जून, अमरावती
सरांनी आज आम्हालाच स्वभावचाचणी द्यायला लावली. आठ वर्षं या केंद्रात मी लोकांच्या पोरांना सांगतेय, तुझा स्वभाव असा, तू हे शीक. आता माझी पाळी! अकोल्याच्या नव्या शाखेत पालकांशी बोलायला एकच जण जाणार, ते या चाचणीवरून ठरणार. मी, नाहीतर प्रज्ञा. तिला येऊन जेमतेम दीड वर्ष. खुर्ची माझीच.

४ जून
तपासणीही माझ्याकडेच. भोकं पाडलेला पुठ्ठा कागदावर ठेवायचा, पुठ्ठ्याच्या कापलेल्या कोपऱ्याशी कागदावर पेन्सिलीची रेघ मारायची, भोकांतल्या खुणा मोजायच्या. प्रज्ञा: 'माणसांत रमणारी'. तीनदा मोजलं, तीनदा तेच. मी: 'कागदांत रमणारी'. एकदाच मोजलं. परत बघवेना. लगेच त्याच हातानं परतवाड्याच्या अकरा मुलांचे कागद रागारागात तपासून उरकले.

६ जून
प्रज्ञाच जाणार. वर मलाच म्हणते, "ताई, मले तं भेवच वाटून राहिलं. तुमीच जा न अकोल्याले."
"काहून? जमंल तुले."
जमंल म्हटलं खरं मी! पोटात दुखतंय माझ्या, लिहूनच टाकते. शाखेसाठी खेटे मी घातले. आयत्या बिळावर नागोबा.

१९ जून
सरांचा फोन. अकोल्यात पालक प्रज्ञाचं नाव घेऊन येतात म्हणे. मी इथे फायलींना लेबलं लावतेय. कागदांत रमणारी ना मी…

२ जुलै
आज तिचा कागद पुन्हा काढला. कुठेतरी चूक सापडेलच म्हणून. नाही सापडली. शेजारी माझा ठेवला. तिच्या कागदावर रेघ वर उजवीकडे. माझ्यावर खाली डावीकडे.
माझ्या कागदावर पुठ्ठा उलटा ठेवला होता मी!
सुलटा करून मोजलं. 'माणसांत रमणारी'. तिच्याहून सहा खुणा जास्त. एकटीच हसले, मोठ्यानं.
मग परतवाड्याचा गठ्ठा आठवला. अकराही कागदांवर रेघ खाली डावीकडे.

३ जुलै
अकरापैकी नऊ जणांचे प्रवेश माझ्या सल्ल्यावरून झालेत. निकाल सांगितला त्या दिवशी एक बाप हात जोडून म्हणाला होता, "म्याडम, तुमी म्हणसान तेच शिकवतो पोरीले." पोरगी खूप बोलकी होती. चार माणसांतलं काम तुला जमणार नाही, असं मी तिला सांगून बसले.
सर उद्या येताहेत. माझा कागद दाखवला तर विचारतील, त्या दिवशी आणखी काय तपासलं? नाही विचारलं तर…
प्रज्ञाचा आत्ताच मेसेज, खुर्चीत बसलेला फोटो. फिरती खुर्ची घेतलीय.
सरांसाठी टेबलावर बारा कागद काढून ठेवलेत. माझा सगळ्यांत वर.