इनाससरांची सही

१२ फेब्रुवारी १९८७, गुरुवार. हळर्ण
आज दुपारी साडेबाराला, पेडण्याच्या बाजारातल्या चहाच्या हॉटेलात, उमेशच्या तोंडावर बुक्का मारला आणि सगळं उलटंपालटं झालं. उमेश म्हणजे शैलाचा भाऊ, जिला मी पत्रं लिहितो ती. मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं तोवर माझ्याच बाकावर बसायचा. कोंकणी राजभाषा करणारा कायदा झाल्यापासून पेटलेलाच आहे, त्याला मराठी हवी होती. मला बघून म्हणाला, "तुजो पाववालो मास्तर आता आमका भास शिकयतलो."
इनाससर ख्रिस्ती म्हणून पाववालो; जन्मात पाव भाजलेला नाही त्यांनी. गिटार शिकवतात.
त्याचा ओठ फुटला. माझ्या उजव्या हाताची दोन नखं मुळापासून गेली. लांब नखांनी मूठ नीट वळत नाही, हे तेव्हा आठवलं नाही. तारा छेडायच्या त्या ह्याच नखांनी. मुंबईच्या संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा २ मार्चला. जागा एक. दिवस अठरा.

१३ फेब्रु.
कुळागरात पोफळींना पाणी लावायला गेलो. नखं जपतो म्हणून बाबा वर्षभर टोमणा मारतात, उजवो हात देवाक व्हायलो काय रे? आज नखं बघून म्हणाले, बरें जालें, आता दोनय हात कामाक येतले.
शै.ला पत्र लिहिलं. फाडलं. दुसरं लिहून टाकलं पेटीत. आता वाटतं पहिलंच बरं होतं.

१५ फेब्रु., रविवार
चोपडेंहून फेरीबोटीने शिवोली. सर नुकतेच चर्चमधून, मिसाहून आलेले, अंगात कोट. सगळं सांगितलं. वाटलं होतं, खूश होतील.
"उजव्या हातान?" एवढंच विचारलं.
मग टेबल टेनिसचा चेंडू कातरून दोन चकत्या केल्या, माझ्या बोटांवर चिकटवल्या, फुंकर घालत बसले. नखं झाली.
जाताना ड्रॉवरमधून पत्र काढलं. मुंबईच्या शाळेला शिफारस, टाइप केलेली. त्याशिवाय परीक्षेला बसवत नाहीत. शेवटची ओळ: मुलगा शांत स्वभावाचा आहे. सही करायला वाकले आणि थांबले. "हें फट म्हज्यान सही करूंक जायना." खोट्याखाली सही नाही. उमेशची माफी माग, त्याने माफ केलं की ये, तोवर शिकवणी बंद.
म्हटलं, त्याने तुम्हाला शिवी दिली.
"गाळ म्हाका दिल्या. मारपाक हांवें सांगूंक नाशिल्लें." मारायला त्यांनी सांगितलं नव्हतं, हे खरं.

१८ फेब्रु.
जेवताना मधल्या बोटाचं नख माशाच्या हुमणात पडलं. आईला वाटलं माशाचा खवला. चमच्याने जेवू लागलो तर म्हणते, पावणो जालो मगो माजो पूत.
माफी मागणार नाही. सर सही करतील. करावीच लागेल.

२१ फेब्रु., शनिवार
शै. भेटली, डिचोलीच्या बसस्टँडवर. मराठी शाळेतून येत होती, हाताला खडू. बरं चाललंय ना, वगैरे मी बोलत राहिलो. ती म्हणाली, "भावाक मारता आनी माका पत्रां बरयता. एकाच हातान?"
घरी आल्यावर तीन उत्तरं सुचली.
बसमध्ये चढताना म्हणाली, सांजचो घरा आसता तो.

२४ फेब्रु.
पंच ओट्यावर येऊन बसले. गोंयाचें राज्य जातलें, नोकऱ्यो येतल्यो, पोराक परत कॉलेजीक घाल. बाबा हो-हो. मी आत, दार लावून, एकाच तारेवर तीन बोटं एकामागून एक. दोन बोटं चेंडूची, एक माझं. लंगड्या बैलासारखं वाजतं. तरी पहाटेपासून चार तास.
रोजनिशी मराठीत लिहितो, तालीम कोंकणीत घेतो, भांडतो दोन्हींत. माझी बाजू कुठली म्हणून आज पंचांनी विचारलं. दोन वर्षांपूर्वी शिवोलीला सरांच्या खिडकीखाली उभा राहिलो. आत तीन माणसं वाजवतायत असं वाटलं. डोकावलो, तर एकटे सर. त्यानंतर कॉलेजात लक्ष ते लागलंच नाही. हे पंचांना काय सांगू?

२७ फेब्रु., शुक्रवार. परतीच्या बसमध्ये, अक्षर हलतंय
उद्या मुंबईची बस. गेलो शेवटी उमेशकडे.
उमेशच्या आईने खुर्ची दिली. त्याच्या ओठावर खपली. माफी मराठीत मागू की बोलीत, ह्याचा जाताना बसमध्ये खूप विचार केला होता. तोंडातून आलं ते घरचंच: "चुकलें माजें."
त्याने वहीचं पान फाडलं. म्हणाला, मास्तराक चिठी दितां, माफ केलां म्हणून. पूण शैलाक पत्रां बरंवची बंद. आयतारा तिका पळोवपाक येतत. हय म्हण, आतांच बरयतां. रविवारी तिला बघायला स्थळ येतंय, हे मला तिथेच कळलं.
शै. चहा घेऊन आली होती. कप ठेवले, पण आत गेली नाही.
हो म्हणणं सोपं होतं. मुंबईला गेलो की कोण बघतंय? जिभेवर आलंही होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, भावाच्या पेनाकडे बघत होती.
म्हटलं, "तें तिका विचार. ती नाका म्हणटा जाल्यार आजच बंद."
त्याने तिला विचारलं नाही. कोरा कागद घडी करून खिशात घातला. चिठी गेली, म्हणजे सहीही गेली. "मागीर वच," म्हणत दाराकडे बोट केलं. आणखीही बोलला, सरांविषयी, त्या दिवसापेक्षा वाईट. ऐकून घेतलं. त्याच्या आईला येतो म्हटलं, चहा संपवला, पायऱ्यांपर्यंत गेलो. शै. अजून तिथेच उभी होती.
परत वळून उजव्या हाताने दार ओढून घेतलं. हळूच.